गाओची तहान

१

गाओ माझ्या यंत्राने मेला, असं सगळं शाकौ गाव म्हणतं. माझं म्हणणं एवढंच की तो माझ्या यंत्रावर बसलेला असताना मेला. पण हे ऐकून घ्यायला त्या आठवड्यात कोणाला फुरसत नव्हती.

मी वेई. पूर्वी टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त करायचो, म्हणून मला सगळे मिस्त्री म्हणतात. किडन्या गेल्या तेव्हा दुकानही गेलं. विटभट्टीमागच्या या भाड्याच्या घरात आम्ही अकरा जण राहतो, आणि अकराही जणांच्या किडन्या कामातून गेलेल्या. शहरातल्या इस्पितळाने भंगारात काढलेली रक्त धुण्याची तीन यंत्रं आम्ही मिळून विकत घेतली. मी ती चालती केली आणि आम्ही एकमेकांना सुया टोचायला शिकलो. हौस म्हणून नव्हे. जिथे आमचा सरकारी विमा चालतो त्या आमच्या गावाकडे यंत्र नाही, आणि जिथे यंत्र आहे त्या शहरात आमचा विमा चालत नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत.

त्या मंगळवारी गाओ अंगणापलीकडच्या आपल्या खोलीतून आला तो भिंतीला धरून. एरवी हा माणूस अंगणात शिरायच्या आधी त्याचा आवाज शिरायचा. जन्मभर कोळशाचा ट्रक चालवलेला. आज म्हणाला, पायात दम नाही, ओठांना मुंग्या आल्यात. लू ताई म्हणाली, थंडी आहे, बस लवकर. वजनाच्या काट्यावर उभा राहिला. काटा मुळात डुकरं तोलायचा आहे, पण माणसांशीही खोटं बोलत नाही. गाओचं वजन जेमतेम वाढलेलं होतं. आमच्या शरीरातून पाणी बाहेर जात नाही, प्यालेलं सगळं अंगात साठतं. त्यामुळे वजन कमी वाढलं म्हणजे माणसाने तहान मारली. गेले काही आठवडे या बाबतीत गाओ घरात पहिला येत होता आणि आम्ही सगळे त्याचं कौतुक करत होतो.

लू ताईने सुया टोचल्या, मी यंत्र सुरू केलं. रक्त नळीतून फिरायला लागून फार तर चहा उकळेल एवढा वेळ झाला असेल. गाओने डोळे उघडले.

"मिस्त्री, पंखा कशाला लावलास रे?"

बाहेर बर्फ पडलेलं होतं आणि आमच्या घरात पंखा नाही. मी वळून बघेपर्यंत त्याची मान खांद्यावर पडली होती. आम्ही छाती दाबली, गावातल्या डॉक्टरला बोलावलं, सगळं केलं. उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचे रेन साहेब आले. त्यांनी घर बघितलं, नाकाला रुमाल लावला, आणि शुक्रवारपर्यंत मृत्यूचं कारण सांगा म्हणाले. ते कळल्याशिवाय पुढचं काही बोलता येणार नाही. जाताना त्यांनी माझ्या यंत्रावर हात ठेवला.

"खुनी तो हाच ना?" असं त्यांनी हसत विचारलं.

२

लू ताई आगगाडीत तिकिटं तपासायची. तीस वर्षं तपासली. किडन्यांनी दगा दिला तेव्हा तिची नोकरी संपली, पण सवय गेली नाही. साहेब गेल्यावर तिने आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरातल्या शेगडीभोवती बसवलं आणि सांगितलं की शुक्रवारी आपल्याकडे कारण हवं. यंत्राचा दोष ठरला तर घराला टाळं लागेल, आणि टाळं लागलं तर आपल्यातलं कोण किती दिवस काढेल ते ज्याचं त्याने मोजावं. कोणी मोजलं नाही. 

पहिला संशय तोंग मास्तरवर. हा पूर्वी गावच्या शाळेत होता. यंत्राला लागणारं औषधी पाणी तो पावडरी मिसळून तयार करतो. मिश्रण चुकलं तर माणूस खुर्चीतच जाऊ शकतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय मास्तरचं आणि गाओचं भांडण जुनं. मास्तरने घरात नियम केला होता की जेवणात मीठ चिमूटभरच, आणि गाओ त्याला तोंडावर "मीठ-फौजदार" म्हणायचा.

मास्तर भडकला. म्हणाला, माझं पाणी चुकलं असेल तर मला आत्ता त्या बर्फात उभं करा. लू ताई शांतपणे म्हणाली की बर्फात कशाला, त्या सकाळी तिन्ही यंत्रांना पाणी एकाच पिंपातून गेलं होतं. दुसऱ्या यंत्रावर मास्तर स्वतः होता. तिसऱ्यावर गाओ यायच्या आधीच ती बसून उठली होती. दोघंही आता भांडायला जिवंत आहेत. मास्तर खाली बसला.

पाणी निर्दोष सुटलं, म्हणजे उरलं यंत्र, आणि यंत्राच्या मागे मी.

आता सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. त्या दुपारी ज्याची पाळी त्या यंत्रावर होती तो म्हणाला, माझं डोकं दुखतंय, मी उद्या बसतो. मला भयंकर संताप आला. मी त्याच यंत्राच्या नळ्या बदलल्या, माझ्या जोडल्या, आणि गाओ मेला त्याच खुर्चीत जाऊन बसलो. लू ताईला म्हटलं, टोच.

तिने टोचलं. सगळं घर दारात उभं राहून माझ्या मरणाची वाट बघत होतं. मी पूर्ण पाळी बसलो, वर जुना रेडिओही ऐकला. उठलो तेव्हा बरं वाटत होतं, आमच्यासारख्यांना वाटतं तेवढं.

"यंत्र सुटलं," लू ताई म्हणाली. "म्हणजे गाओ मरण घेऊनच दारातून आत आला. पायात दम नव्हता, ओठांना मुंग्या होत्या. सुई टोचायच्या आधी."

मग ते मरण त्याच्या पोटात घातलं कोणी? दारातल्या घोळक्यातून कोणीतरी फेंगचं नाव घेतलं.

३

फेंग ही आमच्यातली नाही. म्हणजे किडन्या तिच्याही गेलेल्या, पण आमच्या घरात तिला जागा नव्हती. तीन यंत्रं आणि अकरा माणसं, त्यात बारावी बसवायची कुठे? ती भट्टीवरच्या मजुरांच्या खोलीत राहायची आणि कोणी गावाला गेलं, कोणाची पाळी रिकामी पडली की येऊन बसायची. नाहीतर अंगणात बाकावर बसून राहायची. तिच्याकडे बघायचं टाळण्यात आम्ही सगळे तरबेज झालो होतो.

मग गाओने तिला आपली आठवड्याची दुसरी पाळी देऊन टाकली. त्याने हे सगळ्यांसमोर सांगितलं, छाती पुढे काढून. माझं वजन वाढत नाही, मला एकदा पुरतं, ही बाई अंगणात मरेल ते कोणाला बघवणार आहे? मास्तर नको म्हणाला होता. बाकीचे आम्ही गप्प बसलो, कारण आमची पाळी कोणी मागत नव्हतं.

आता गाओ गेला, तर त्याच्या दोन्ही पाळ्या तिला मिळणार. शिवाय ती त्याला सुकवलेल्या आंबट आलुबुखाराचे तुकडे आणून द्यायची, तहान मारण्यासाठी नुसते चघळून थुंकायला. एवढं पुरेसं होतं. मास्तरने तर थेट विषाचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी लू ताई मला घेऊन भट्टीवर गेली. फेंग खाटेवर बसली होती, पाय सुजलेले. घरातल्यांनी तिला बुधवारी फाटकातूनच परत पाठवलं होतं, हे मला तिथे कळलं. ताईने आलुबुखाराचे तुकडे मागितले. फेंगने उशाखालची पिशवी काढून पुढे केली आणि त्यातला एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. हे मीही रोज चघळते, म्हणाली.

ताईने फक्त एवढंच विचारलं की गाओकडे पाळी मागितली होतीस का.

"मागितली नव्हती. त्याने दिली," फेंग म्हणाली. "मी नको म्हणायला हवं होतं, ताई. पण मला आडवं पडून श्वास घेता येत नव्हता. तुम्ही नको म्हणाला असता?"

ताईने पिशवी तिच्या उशाखाली परत ठेवली. परतीच्या वाटेवर ती मला म्हणाली की गाडीत बिनतिकिटवाला आधी भांडतो, आणि ज्याचं तिकीट खरंच हरवलंय तो आधी खिसे चाचपतो. फेंग खिसे चाचपत होती.

"मग आता?" मी विचारलं. उद्या शुक्रवार होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे यंत्राला लागणारं कागदी सील दिसत होतं.

"मला सांग, मिस्त्री, गाओ शेवटी शेवटी काय खायचा?"

४

खाण्याच्या बाबतीत आमचं घर म्हणजे तुरुंग. केळं नाही, संत्रं नाही, रताळं नाही, पालक नाही. भाजी दोनदा उकळायची आणि दोन्ही वेळचं पाणी फेकायचं. कारण पोटॅशियम. आमच्या अंगात ते साठत जातं, हातापायांतला जीव काढतं, आणि एक दिवस हृदयाला गाठून थांबवतं. यमराजाचा धाकटा भाऊच तो. इस्पितळात महिन्याला रक्त काढून ते किती साठलंय ते बघतात. आमचं रक्त कोण बघणार? आम्ही एकमेकांचे चेहरे बघतो.

पण ते चघळून थुंकायचे तुकडे सोडले तर गाओ फळाला शिवायचा नाही. त्याच्या भाज्या मीच कैकदा उकळल्यात. तसं मी ताईला सांगितलं.

"आणि त्याच्या हातचं कधी खाल्लंस?"

खाल्लं होतं. आठवडाभरापूर्वी मी त्याच्या खोलीत गेलो होतो तेव्हा त्याने आपल्या वेगळ्या चुलीवर कोबी घालून शेवया केल्या होत्या आणि वाडगा माझ्यापुढे सरकवला होता. पहिल्याच घासाला मी ओरडलो होतो की बरणी उपडी केलीस का, काय खारट हे! मागून जिभेवर कडवटही लागलं होतं, पण कोबी करपला असेल असं मला वाटलं. गाओ हसत सुटला. म्हणाला, मास्तरला सांगू नकोस. मी पोटभर खारट खातो आणि तरी मला तहान लागत नाही. सांग बघू कसं? मी म्हटलं, तुझं नशीब. तो म्हणाला, नशीबच, आणि पुढे काही सांगायला तयार होईना.

हे ऐकल्यावर लू ताई रस्त्यातच थांबली.

"पुन्हा सांग. खारट खायचा आणि तहान नव्हती?"

"हो."

"मीठ खाल्लं की तहान लागते. तहान लागली की पाणी जातं, पाणी गेलं की वजन वाढतं. आपण सगळे त्या एका चिमटीसाठी रडतो. आणि हा वाडगाभर खारट खाऊन काट्यावर हलका?"

मला त्या क्षणी स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटली. टीव्हीत चित्र दिसतंय आणि आवाज नाही, तर आपण आधी आवाजाची तार बघतो. इथे मीठ होतं आणि तहान नव्हती, तर मिठाकडे बघायला नको होतं?

गाओच्या खोलीला कुलूप नव्हतं. चुलीशेजारी लोणच्याच्या जुन्या बरणीत मीठ होतं, दिसायला कोणत्याही मिठासारखं पांढरं. ताईने बोट ओलं केलं, दोन कण जिभेवर ठेवले, क्षणभर थांबली, आणि खिडकीतून बाहेर थुंकली. मलाही चाखायला लावलं. आधी खारट लागलं, मग तोच कडवटपणा, लोखंडाचा खिळा चोखल्यासारखा.

"हे मीठ नाही," ती म्हणाली. "निदान निम्मं तरी नाही."

पण ते काय होतं आणि त्याला दिलं कोणी, हे सांगायला बरणी बोलत नव्हती. आणि सकाळी साहेब यायचे होते.

५

साहेब आले ते सील, गोंद आणि दोन माणसं घेऊन. त्यांच्या पाठोपाठ अंगणात एक मुलगी आली, दंडाला काळी पट्टी, हातात फुगलेली पिशवी. गाओची मुलगी छ्याओ. दक्षिणेत कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. बापाची राख न्यायला दोन दिवस गाडीत बसून आली होती. वीस-बावीसची असेल. तिने आम्हाला सगळ्यांना वाकून नमस्कार केला, बाबांना सांभाळलंत म्हणून आभार मानले, आणि पिशवी उघडून एकेकाच्या हातात एकेक पुडा द्यायला लागली.

"बाबांनीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "येशील तेव्हा सगळ्यांसाठी आण. हे मीठ खाल्लं की तहान लागत नाही."

पुड्यावर लाल हृदयाचं चित्र होतं. कमी सोडियमचं आरोग्यदायी मीठ. दुकानदारीण तिला म्हणाली होती की किडनीवाल्यांना मीठ वाईट, म्हणून कमी मिठाचं मीठ घे. साध्या मिठाहून महाग, तरी ती दर महिन्याला बापाला पाठवायची. पुडा उलटा केल्यावर मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलं आहे. त्याखाली, त्याहून बारीक: किडनीच्या रुग्णांनी खाऊ नये.

लू ताईने वाचलं आणि पुडा माझ्या हातात दिला. मी वाचलं. सगळं जागच्या जागी बसलं. मिठातून पोटॅशियम पोटात जात राहिलं. तहान गेली म्हणून गाओला वाटलं आपण बरे झालो. बरे झालो म्हणून त्याने एक पाळी फेंगला देऊन टाकली, आणि जे आठवड्यातून दोनदा धुतलं जायचं ते एकदाच धुतलं जायला लागलं. महिन्याला कोणी त्याचं रक्त बघितलं असतं तरी तो वाचला असता. पाणी बरोबर होतं. यंत्र बरोबर होतं. माझं यंत्र बरोबर होतं, आणि ते सिद्ध करणारा कागद माझ्या हातात होता.

"साहेब, हे बघा," मी म्हणालो, आणि लू ताईचा बूट माझ्या पायावर पडला. चांगला जोरात.

"साहेब, एक विचारते," ती पुढे होऊन म्हणाली. "यंत्राचा दोष नव्हता असं मी आत्ता इथे दाखवून दिलं, तर घर चालू राहील?"

रेन साहेबांनी टोपी काढली. माणूस वाईट नव्हता, हेच सगळ्यात चीड आणणारं.

"नाही. परवाना नाही तर घर नाही. हुकूम सोमवारीच निघालाय, ताई."

सोमवारी. गाओ मंगळवारी मेला. म्हणजे तो जिवंत असतानाच आमचं घर बंद झालेलं होतं, फक्त आम्हाला कोणी कळवलं नव्हतं.

"मग शुक्रवारपर्यंत कारण शोधा म्हणालात ते?" ताईने विचारलं.

"कारणाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"आणि गाओ यंत्राची वाट बघत त्याच्या गावच्या घरी मेला असता तर?"

साहेबांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "तर मी आलोच नसतो," ते म्हणाले.

लू ताईने छ्याओकडे पाहिलं. पोरगी हातात दोन पुडे धरून तशीच उभी होती, पुढचा कोणाला द्यायचा ते न कळून. तीस वर्षं ज्या बाईने एकाही बिनतिकिटवाल्याला सोडलं नाही, ती म्हणाली, "तुम्हाला हवं ते लिहा, साहेब."

साहेबांनी लिहिलं: यंत्रातील बिघाड. त्यांच्या माणसांनी तिन्ही यंत्रांना सील चिकटवलं. गोंद थंडीने घट्ट झाला होता, म्हणून त्यांनी तो आमच्याच शेगडीवर ऊन केला. साहेब म्हणाले, सगळ्यांनी आपापल्या तालुक्याच्या इस्पितळात जावं, तिथे विमा चालतो. तिथे यंत्र नाही, मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले की तो विषय त्यांच्या खात्याचा नाही. फेंग फाटकाबाहेर उभी होती. जिथे तिला जागा नव्हती ते घरही आता राहिलं नव्हतं.

ताईने सगळ्यांच्या हातातले पुडे परत गोळा केले. छ्याओला सांगितलं की आम्हाला कुठलंच मीठ चालत नाही, हे तू तुझ्या आईला ने. छ्याओने विचारलं, बाबा मी पाठवलेलं खायचे ना? ताई म्हणाली, रोज, आवडीने. हे खरंच होतं.

राखेचा डबा कापडात बांधून झाल्यावर पोरगी माझ्याकडे आली. बाबा फोनवर माझं नाव घ्यायचे म्हणाली. शाकौचा मिस्त्री असा आहे की मेलेलं यंत्र उठवतो, असं त्यांनी सांगितलं होतं. मग तिने सीलकडे बघितलं, आणि पिशवीतल्या पुड्यांकडे. तिच्या मनात नेमकं काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण पिशवीतून काढलेला एक पुडा तिने उलटा धरला होता, बारीक अक्षरांची बाजू वर.

"काका, खरं सांगाल? यंत्र बिघडलं होतं?"

मी तिच्या हातातला पुडा घेतला, पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड बांधलं.

"हो, पोरी. बिघडलं होतं. माझ्याच हातचं काम होतं, मला नीट जमलं नाही."

 तिने वाकून नमस्कार केला, आणि मी तिला बसथांब्यापर्यंत पोचवायला गेलो.